पंगतीत आक्काच्या शेजारी

आक्का समोर आली की आधी माझा उजवा हात हातात घ्यायची, नाकाशी न्यायची आणि मी काय खाल्लं ते सांगायची, "वांगं. लसूण कमी पडलाय." सहसा चुकायची नाही. एकदा मी साबणानं दोनदा हात धुऊन गेले, तरी म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी. आन् मला ठिवली न्हाई."

तिचं घर आमच्या घराला लागूनच. आष्टी तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीनंतर अर्धं रिकामं होतं, लोक ऊसतोडीला जातात. आक्काचे वडील आणि भाऊ जायचे. तिची आई, जिला मी मावशी म्हणते, आक्कासाठी मागं राहायची. आक्का तिशीची, पण उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. हातपाय लहान मुलीसारखे, अंग मात्र भारी. गोधडीचे तुकडे जुळवण्यात तिच्यासारखी गावात दुसरी नव्हती. चिंध्यांच्या ढिगातून बरोबर मापाचा तुकडा ती बोलता बोलता उचलायची. मावशी मुद्दाम तिला त्या कामाला लावून ठेवायची. हात मोकळे राहिले की आक्का दंडावरची खपली रक्त येईपर्यंत खरवडत बसायची.

मावशीच्या घरात पिठाच्या डब्यालाही कुलूप असायचं. बायका म्हणायच्या, "पोटच्या पोरीला उपाशी मारती." मलाही तसंच वाटायचं. भिंतीवरून मी आक्काला गुपचूप भाकरी दिली आहे. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या तपासण्या झाल्या. मावशी तिथला कागद घेऊन माझ्याकडे आली. "कॉलेजात जाती ना तू? वाच."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. एकेक शब्द मोबाइलवर शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला. आजाराचं नाव होतं प्राडर-विली. जन्मापासून गुणसूत्रात दोष. पोट भरल्याचं मेंदूला कळतच नाही. राग, हट्ट, तोच प्रश्न शंभरदा विचारणं, अंग खरवडणं, सगळं त्यातलंच. खाली लिहिलं होतं की अती खाल्लं तरी उलटी सहसा होत नाही, दुखलेलं नीट कळत नाही, जठर फाटून जीव जाऊ शकतो.

मी मावशीला ते सगळं सांगितलं. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "म्हंजे हट्ट नव्हता. मी मारलं बाई तिला."

त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. भिंतीपलीकडे भांडं वाजलं की पुस्तकातलं लक्ष उडायचं. मी दिलेल्या भाकरी आठवायच्या.

श्रावणात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी गावजेवण. मावशीला चपात्या लाटायला बसायचं होतं. "घरी कोंडली तर डोकं आपटून घेती," ती म्हणाली. "तुझ्याजवळ बसू दे. दोन चपात्या, एक पळी बुंदी. पुढं वाढप्याला तूच न्हाई म्हण."

आमच्याकडची पंगत तुम्हीही पाहिली असेल. नको म्हणेल त्याला जास्त वाढतात, आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं तर पापच. आमच्या भावकीतले आबा बुंदी घेऊन आले. मी आक्काच्या ताटावर हात आडवा धरला.

"आबा, तिला नको. डॉक्टरांनी..."

"कावून? चार बुकं शिकली म्हणून लेकराच्या ताटावर हात ठिवती? तू खा गं माय. हितं कुणाचं कुलूप न्हाई."

पंगत हसली. मी हात काढून घेतला आणि स्वतःच्या ताटात बघत बसले. बुंदी पाचव्यांदा आली तेव्हाही मी काही बोलले नाही.

"लई झ्याक," आक्का मला म्हणाली. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा ती अंगणात घामानं भिजून बसली होती. ओठ पांढरे, पोट हंड्यासारखं ताठ.

"दुखतंय का आक्का?"

"न्हाई. सांजच्याला काय हाय?"

मी मावशीला बोलवायला धावले.

जीपमध्ये मी तो कागद छातीशी धरून बसले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव ऐकलं नव्हतं. उलटी नाही, दुखत नाही, म्हणजे गॅस असेल, असं ते म्हणाले. मी कधी नव्हे ते मोठ्या माणसाला आडवं बोलले. "सर, दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटतंय. हे वाचा." त्यांनी वाचलं आणि वाचता वाचता उभे राहिले. नाकातून नळी घालून त्यांनी तिला लगेच नगरला पाठवलं. तिथं दोन दिवस मावशी आणि मी जिन्याखाली बसून होतो. एकमेकींकडे बघत नव्हतो. आक्का वाचली.

दिवाळीनंतर मावशीनं आक्काला घेऊन ऊसतोडीला जायचं ठरवलं. "तिथं खोपीत आपलंच पीठ. वाढणारं गाव न्हाई," ती म्हणाली. चहूकडे ऊसच असेल, त्याचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी एवढंच म्हणाले, "मावशी, राहा ना इथंच. मी पण लक्ष ठेवीन तिच्यावर."

मावशी अंथरुणाची वळकटी बांधत होती. "तू गुणाची हायस. पण तुला न्हाई म्हणता येत न्हाई, बाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता.

आता मावशीचा फोन आला की ती काही बोलायच्या आधी मी विचारते, "आक्का बरी आहे ना?"

आक्काला रोजच्यातलं काही बदललेलं सोसत नाही. निघाली त्या दिवशी सकाळपासून ती एकच विचारत होती, "कवा यायचं परत?" आणि मावशी दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत होती, "पाडव्याला." ट्रॅक्टर ओढ्याकडे वळेपर्यंत मला दोघींचंही ऐकू येत होतं. मग मावशीचं उत्तर इंजिनाच्या आवाजात बुडालं. आक्काचा प्रश्न मात्र बराच वेळ येत राहिला.