शेळ्यांनी चाटलेला ओटा

देवासहून सकाळी पोहे खाऊन निघाले. आमच्या खानदानात एमएस्सी झालेली मी पहिलीच. धामनोदपलीकडे तेल शोधायला जमीन विंधताहेत तिथले मातीचे नमुने आणायला प्रयोगशाळेने मला पाठवलं. गाडीचे चालक आणि मी घाट उतरलो आणि निमाडचं ऊन अंगावर आलं. ढाब्यावर सेव-टमाटर खाऊन विंधणाच्या जागी पोचलो.

विंधताना पाइपातून खाली सोडलेला चिखल दगडाच्या चुऱ्यासकट वर येतो. तो राडा खड्ड्यात साठवतात. खड्ड्यात अंथरलेलं प्लास्टिक फाटलेलं आणि राडा अर्धाच.

"बाकीचा कुठे गेला?"

सुपरवायझर खूश. "मॅडम, गाववाले ले जाते हैं. माल अपने आप ठिकाने लग रहा है!"

सांडलेल्या राड्याच्या मागावर आम्ही गावातल्या कमलाबाईंच्या दारात पोचलो. ओटा त्याच राड्याने लिंपलेला, आरशासारखा गुळगुळीत, राखाडी. त्यावर तीन शेळ्या मन लावून जीभ फिरवत होत्या. चौथी पोट फुगून आडवी.

"असी चिकनी माटी जनम में नी देखी," कमलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीची बारात (वरात) येणार होती.

"बाई, यात खार आहे, तेलही असेल. खारासाठीच चाटताहेत. आजच खरवडा."

"ने (आणि) बारात उघाड़ी माटी पे बेठेगी? लुगायां (बायका) गीत गावा गई. लीपेगा कुण?"

"मी एमएस्सी आहे," मी सांगून टाकलं.

"तो हाथ नी हे कई (नाहीत का)?"

आमचे चालक राजेशभिया (भिया म्हणजे भाऊ) तोंड फिरवून हसले. मी हातमोजे घालून ओटा खरवडला, मोजे काढून शेण कालवलं. दोनदा हात फिरवला तर कमलाबाई ओरडल्या, "अरे, रोटी पे घी लगई री हे कई? दबा!"

तेवढ्यात आडव्या शेळीची अवस्था बघून गीतं गाऊन परतलेल्या शेजारणीही खुरपी घेऊन आपापले ओटे खरवडायला लागल्या. संध्याकाळी राजेशभियांच्या मागे खरवडलेल्या राड्याच्या घमेल्यांची मिरवणूकच खड्ड्याकडे निघाली.

सुपरवायझर फाटकात आडवा. "मॅडम, ये क्या? माल वापस?"

"तुमचाच आहे. आधी नवं प्लास्टिक घाला, मग आत घ्या."

सगळ्या बायका घमेली घेऊन तिथेच बसल्या आणि लग्नाची गाणी सुरू केली. तिसऱ्या गाण्याला प्लास्टिक आलं.

परतीच्या वाटेवर राजेशभियांनी चारही काचा उघड्या ठेवल्या. माझ्या हातांना शेणाचा वास येत होता. तेल लागलं तर पेपरात येईल. राडा मात्र न छापता कुणाच्या तरी दारात जातो, हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजेशभियांच्या फोनवर गावातून फोटो आला. नवरी ओट्यावर, ती आडवी पडलेली शेळी उभी, आणि कडेला माझ्या पाच बोटांचे ठसे. रिपोर्टावर सही प्रयोगशाळेतल्या साहेबांची असते. ओट्यावर माझी आहे.