सुपडाच्या पायाचा अंगठा

आधी नाव सांगतो, नाहीतर बोलण्याच्या ओघात राहून जाईल. मला इथे भिलाईला कामाला लावलं ते सुपडाने. सातवीत शाळा सोडलेला मी आज चार माणसांत उभा राहतो, तो त्याच्यामुळे. आता मी त्याच्याशी काय केलं ते ऐका.

आम्ही संग्रामपूरकडच्या एकाच खेड्यातले. शाळेला मैदान नव्हतं. ज्वारी निघालेल्या वावरात राखेने रेघा ओढून आट्यापाट्या खेळायचो. नऊ पाट्या, प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभा. त्याचा हात लागू न देता पलीकडे निसटायचं. सुपडा डावीकडे बघायचा, खांदाही डावीकडे टाकायचा आणि उजवीकडून पसार व्हायचा. पहिल्या पाटीवर नेहमी मीच.

"डोयात पाहाय बे! खाली काय सांडलं तुहं?" तो ओरडायचा.

मला कोणाच्या डोळ्यांत बघायचा धीरच नव्हता, म्हणून मी पायांकडे बघायचो. त्यामुळेच कळलं. खरंच उजवीकडे निघायचा असला की त्याचा डावा अंगठा आधी मातीत रुतायचा. डावीकडे जायचा असला की उजवा. नुसती हूल असली की दोन्ही अंगठे सैल. हे मी कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या एकट्याची होती.

महाराष्ट्र नवानवा झाला त्या सुमाराला तो बुलढाण्याच्या कॉलेजात गेला. अनवाणी मैदानात उतरला तेव्हा पोरं हसली. "खेळाले आला का गोठा झाडाले?"

"आधी हात तं लाव, मंग झाडतो," सुपडा म्हणाला. त्या दिवशी कोणाचाच हात लागला नाही. महिन्याभरात तो कॉलेजच्या संघात होता.

मी तेव्हा मेहकरला एका अडत्याकडे पोती उचलत होतो. कॉलेजचा सामना मेहकरच्या संघाशी ठरला. तो पाहून विद्यापीठाच्या संघात कोणाला घ्यायचं ते ठरणार होतं. मेहकरच्या संघाचा म्होरक्या आमच्या शेठचा मुलगा. एरवी मला "ए" म्हणणाऱ्या त्या मुलाने आदल्या दिवशी मला गादीवर शेजारी बसवलं, चहा मागवला. "भाऊ, तुम्ही त्याच्या गावचे ना?"

गादी मऊ होती. मी अंगठ्याचं सांगून टाकलं.

सुपडा तीन वेळा पहिल्याच पाटीवर बाद झाला. चौथ्यांदा त्याने समोरच्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग गर्दीत मला शोधलं. मी पुढच्या माणसाच्या पाठीमागे सरकलो. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही.

संध्याकाळी तो दुकानी आला. मी थप्पड खायची तयारी ठेवली होती.

"किती वर्सं झाली तुले हे दिसून?"

"चार."

"चार वर्सं!" तो पोत्यावर बसला. "अन् त्याले एका दिवसात सांगतलं. मले काऊन नाई सांगतलं बे?"

त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.  

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला मोकळ्या जागेत नेऊन समोर उभं केलं. "पाहाय पायाकडेच. रुतला की ओरड." चार दिवस तो थांबला. मी ओरडत राहिलो, तो शिव्या देत राहिला, स्वतःलाच. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात आमच्या वावरातला सुपडा होता.

मग एकदा तो मेहकरला आला तो चिठ्ठी घेऊनच. त्याच्या प्राध्यापकांचे भाऊ भिलाईला पोलाद कारखान्यात मुकादम होते. चिठ्ठीत एक ओळ होती: मुलगा विश्वासू आहे, सुपडा खात्री देतो. वाचून माझी मान खाली गेली.

"काऊन, खोटं लिहिलं का?" एवढंच तो म्हणाला आणि एसटीत चढला.

आता तो आमच्याच गावच्या शाळेत मास्तर आहे. मैदान अजून नाही. राखेच्या रेघा आहेत. सुपडा, रजा मिळाली की मी येईन. तुझ्या पोरांसमोर पहिल्या पाटीवर उभा राहीन. ज्याची खोड दिसेल त्यालाच आधी सांगीन, आणि सांगताना खाली बघणार नाही.