हुकूम कुणाचा?

"ए फौजी, नुसता उभा काय ऱ्हातो? त्या खुर्च्या पुसून घे."

हे माझ्या बापाला म्हटलं. आमच्या गावच्या शाळेच्या चेअरमननं. पंधरा ऑगस्टच्या सकाळी, साऱ्या शाळेसमोर.

मी सातवीत होते. पहिल्या रांगेत, सावधानमध्ये. आबा माझ्यापासून हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ उभे होते. अंगात काळा कोट, कोटावर पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी. त्यांना हेडमास्तरांनी बोलावलं होतं. घरी येऊन, चहा घेऊन बोलावलं होतं. "यंदा झेंडा फौजीच्या हातनं," असं म्हणाले होते. आमच्या ख्रिस्ती गल्लीतला पहिला फौजी माझा बाप. नुकताच पेन्शनीवर आला होता. आईनं कोटाला दोनदा इस्त्री केली होती.

मग चेअरमनची जीप आली. त्यानं आबांना वरून खालपर्यंत बघितलं. हेडमास्तरांना बाजूला घेतलं, पण फार बाजूला नाही. आम्हाला ऐकू यावं एवढंच.

"किरिस्तावाच्या हातनं झेंडा? गावातली मानसं संपली का?"

हेडमास्तर स्वतःच्या बुटांकडं बघत राहिले. आणि चेअरमन वळून आबांना खुर्च्यांचं बोलला.

"जी, साब," आबा म्हणाले.

खिशातला पांढरा रुमाल काढला. एकेक खुर्ची पुसली. नुसती पुसली नाही. मागं सरकून, एक डोळा बारीक करून त्यांनी रांग बघितली. एक खुर्ची बोटभर पुढं होती, ती मागं घेतली. रांग दोरी मारल्यासारखी सरळ झाली. मला रडू आलं ते त्या सरळ रांगेचं. वाकडी लावली असती तर इतकं लागलं नसतं.

सावधानमध्ये मान खाली घालायची नसते. ते आबांनीच शिकवलं होतं. म्हणून सगळं बघावं लागलं. चेअरमननं दोरी ओढली. झेंडा फडकला. आबांनी कडक सॅल्यूट केला. खुर्च्यांच्या मागं उभं राहून.

घरी आल्यावर ते पदकं काढून डबीत ठेवत होते. मी विचारलं, "आबा, तुमी त्याला 'न्हाई' का म्हणला नाय?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "हुकूम आला की पाय आपोआप हलत्यात, पोरी. उमर त्यात गेली."

आईनं चुलीकडं तोंड फिरवलं. तो हुकूम कुणाचा होता, त्याला तो द्यायचा हक्क होता का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पण माझ्या बापानं मला घडवलं, हेही तितकंच खरं आहे. ते झाकून पुढं गेले तर खोटं होईल.

मी भित्री होते. वर्गात उभी राहिले की आवाज निघायचा नाही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर माहीत असून गप्प. आमच्या गल्लीतली पोरं वर्गात अशीच असायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण मागच्या बाकावर बसायचं आणि आवाज काढायचा नाही हे आम्हाला पाठ होतं. आबांनी ते ओळखलं. पहाटे मला उठवून कालव्याच्या भरावावर न्यायला लागले. दोन्ही बाजूला ऊस, मधे पायवाट.

"पळ."

"कुठवर?"

"ते बाभळीचं झाड दिसतंय का? तिथवर. त्याच्याम्होरलं बघू नको."

झाड आलं की पुढचं झाड दाखवायचे. आबा पलटणीत रणगाडा चालवायचे. सांगायचे, झाकण लावलं की आत अंधार, भट्टीसारखी गरमी, कानात नुसता धडधडाट. पुढं बघायला एक बारीक फट. "त्या फटीतनं दिसतं तेवढंच आपलं. बाकीचं डोक्यात आनायचं न्हाई. आनलं की हात कापतो. हात कापला की गाडी खड्ड्यात."

आणखी एक सांगायचे. "भ्यायला हरकत न्हाई. भिऊन पाय मागं घ्यायला हरकत हाय. भ्या वाटलं की आदी श्वास सोड. घ्यायचा नंतर. सगळी मानसं घ्यायच्याच नादात असत्यात, म्हणून गुदमरत्यात."

मी ते धरलं. दहावीला गणिताचा पेपर हातात आल्यावर श्वास सोडला, पहिलं गणित बघितलं, दुसरं हातानं झाकलं. कॉलेजला सायकलवर बेलापूर ओलांडून श्रीरामपूरला जायचे. टपरीवरची पोरं काय म्हणायची ते कानावर यायचं, मी पुढचा खांब बघायचे. वर्गात पहिल्यांदा हात वर केला तेव्हा आवाज निघाला. मोठा निघाला. मी खेळाची शिक्षिका झाले. बापाच्या त्या फटीतून बघत बघत झाले.

फक्त एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही. नाही म्हणायला. त्यांना येत नव्हती ती कुठून शिकवणार?

नोकरी लागली ती चेअरमनच्याच संस्थेत. कुणी म्हणेल, तिथंच का गेलीस? आमच्या भागात शाळा त्यांची, कॉलेज त्यांचं, कारखाना त्यांचा, डेअरी त्यांची. जायचं कुठं? चेअरमन म्हातारा झाला होता, कारभार मुलाकडं. त्याला सगळे भैय्या म्हणायचे. भैय्यानं नगरच्या रस्त्याला सैनिकी शिस्तीची निवासी शाळा काढली होती. परेड शिकवायला बाई पाहिजे होती. 'फौजीची मुलगी' हे पालकांना सांगायला बरं दिसायचं.

ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मी पहिल्या दिवशी निघाले तेव्हा आबा दारात सावधानमध्ये उभे होते. बुटाची नाडी एका बाजूला लांब राहिली होती, ती खाली बसून सारखी केली. त्यांना तेव्हा लकव्याचा पहिला झटका येऊन गेला होता. उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. तरी बांधली.

माझ्याकडं काजल नावाची मुलगी होती. नववीतली. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती सरकारनं गरिबांच्या पोरांसाठी राखलेल्या जागेवर आलेली. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर तिनं ओठ हलवले, आवाज नाही. मला माझंच तोंड दिसलं. तिला मी मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला मी. "मला ऐकू येईस्तोवर तुझं नाव सांग." रोज. मला जे बापानं दिलं होतं ते सगळं तिला दिलं. पावसाळा सरता सरता तिचा आवाज असा झाला की हुकूम दिला की पाखरं उडायची. सव्वीस जानेवारीच्या परेडचं नेतृत्व मी तिला दिलं.

सव्वीस जानेवारीला पाहुणे बसले होते. रांगा लागल्या होत्या. काजल पुढं उभी होती, हातमोजे घालून. भैय्या मैदानात चालत आला.

"मॅडम, परेड माझी भाची घेईल. ह्या पोरीला मागं घाला."

"भैय्या, तयारी हिनं केलीय."

"असू दे ना. पाहुण्यांसमोर पहिलाच असला चेहरा नको."

काजलनं ते ऐकलं. सावधानमध्ये होती, मान खाली घालता येत नव्हती तिला.

मी जागची हलले नाही. भैय्या हसला. रागावला नाही, हसला. म्हणाला, "तुम्ही फौजीची मुलगी. हुकूम काय असतो तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या वडिलांना मी लहानपणापासून बघितलंय. कधी उलटा शब्द नाही."

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. जिभेवर 'जी' आलं. खरंच आलं होतं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. बापाचा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी न घोकता तयार होता.

श्वास सोडला. पाहुणे, भैय्या, नोकरी, सगळं बाजूला गेलं. समोर फक्त काजल.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाई म्हणाले. परेड काजलच घेईल. काजल, घे."

मग तिचा आवाज आला. "परेड, साऽवधान!" सगळ्या टाचा एकदम वाजल्या.

संध्याकाळी मला कामावरून काढलं, गेटवर माझी शिट्टी आणि ट्रॅकसूट काढून घेतला. शाळेचा माल होता. काजलला त्यांनी नंतर कधीच पुढं उभं केलं नाही. हेही सांगितलं पाहिजे. माझ्या एका नाहीनं तिचं भलं झालं, असं मी म्हणणार नाही. तिच्या आईबापाला समोर बसवून दम दिला, असं कळलं.

आबांना घरी सांगितलं. ते लिंबाखाली खाटेवर बसले होते. मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील.

"हुकूम मोडला?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"समद्यांम्होरं?"

"व्हय, आबा."

त्यांचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांनाच सर्वांसमोर काही बोलले होते. आज कळतं, तसंच झालं होतं. मी नाही म्हणू शकले म्हणजे त्यांनाही म्हणता आलं असतं. त्या सगळ्या वर्षांत कधीही. ते त्यांच्यानं झेपलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी श्रीरामपूरला काम शोधायला गेले होते. परत आले तर खाट रिकामी. आई म्हणाली, कोट घालून घेतला, पदकं लावून घेतली, शेजारच्या रिक्षानं गेले. कुठं, ते सांगितलं नाही. दुपारी रिक्षा आली. आबांचा कोट घामानं ओला झाला होता. रिक्षावाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. भैय्याच्या बंगल्याच्या गेटवर त्यांना उन्हात उभं ठेवलं. वॉचमननं स्टूल दिलं, पण बस म्हणायला आतून कुणी आलं नाही म्हणून बसले नाहीत. शेवटी भैय्याची गाडी बाहेर पडली, काच खाली आली. उजवा हात उठेना म्हणून आबांनी डाव्या हातानं सॅल्यूट केला.

"साब, पोरीला समज न्हाई. माफी करा."

भैय्या गाडीतल्या दुसऱ्या माणसाला म्हणाला, "बघितलं? ह्याला म्हणतात शिस्त."

घरी आबा मला म्हणाले, "माफी झाली. सोमवारपास्नं जा."

"आबा, मी जानार न्हाई."

"मी तितं उभा ऱ्हाऊन आलोय." आवाज फुटला होता त्यांचा. "माझ्या उभं ऱ्हान्याची तरी किंमत ठेव."

मी त्यांचे पाय धरले. रडले. पण हो म्हणाले नाही. त्यांनी पाय काढून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

ते आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर माझ्याशी आईमार्फत बोलायचे. मी समोर असले तरी. "तिला सांग, पानी आन." मी पाणी आणायचे. ते आईच्या हातून घ्यायचे. दुसरा झटका आला तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडं नव्हते.

ईस्टरच्या आधी त्यांना आमच्या कबरस्तानात ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पेटी बंद करायच्या आधी आईनं पदकं माझ्या हातात दिली, मी ती त्यांच्या कोटावर लावली. सरळ रेषेत.

आता मी गावच्या गायरानावर गल्लीतल्या आणि वस्तीवरच्या मुलींना पळवते. काही पोलीस भरतीच्या, काही नुसत्याच आवाज सापडत नाही म्हणून आलेल्या. आबांचं सगळं शिकवते. श्वास, नजर, पुढचं झाड. आणि त्यांनी न शिकवलेलं एक. कुणी हुकूम दिला की पाय हलायच्या आधी विचारायचं, हा कोण? ह्याला हक्क कुणी दिला? शिस्त स्वतःवर चालवायची असते. दुसऱ्याच्या हातात तिचा लगाम दिला की ती गुलामी होते. माझ्या बापाकडं पहिली होती, डोंगराएवढी होती. दुसरी त्या माणसांनी तिच्याच नावाखाली त्याच्याकडून करून घेतली.

मागच्या महिन्यात संस्थेचा माणूस मोटारसायकलवर आला. "भैय्या म्हणतात, गायरान मोकळं करा. नाहीतर येऊन माफी मागा, कामावर घेतो."

"भैय्यांना सांगा, जागा गावाची हाय. पोरी उद्या बी इथंच येतील," मी म्हणाले. तो गेला. मुली थांबल्या होत्या, त्यांना पळायला सांगितलं.

आई कधी कधी म्हणते, त्याच्या मनासारखं एकदा हो म्हणाली असतीस तर सुखानं गेला असता. खरं असेल. बाप माझ्याशी अबोला धरून मेला. त्याचं ओझं उतरणार नाही आणि मी उतरवायला बघत नाही. पण भैय्याची माफी मी मागणार नाही. आबांचीही मागणार नाही. आमच्या घरातून त्या बंगल्यावर माफी मागायला गेलेला शेवटचा माणूस माझा बाप होता. त्याच्यानंतर कुणी जाणार नाही.