धुळ्याच्या धावपट्टीवरचा बंद सेट

अमावस्येला आमची ही उंबऱ्यावर लिंबू-मिरची बांधते आणि मी ती दुसऱ्या दिवशी काढून टाकतो. यावरून आमचे आजही खटके उडतात. सांगायचं कारण, खालचं वाचून 'काका, तुम्हीसुद्धा?' असं कुणीतरी विचारणारच. विचारा. घडलं तसं लिहितोय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. खानदेशात कपाशीवर छोट्या विमानाने औषध फवारायचं काम एका खासगी कंपनीने घेतलं होतं. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर मी त्यांचा वायरलेस ऑपरेटर होतो. पत्र्याची एक खोली, दारात वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी झोळ आणि ट्रकच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ सेट. आभाळ, वारा बघायचा आणि वर पायलटला कळवायचं, हे माझं काम.

पायलट कॅप्टन मॅथ्यू. केरळचे, पन्नाशीचे, अतिशय शांत माणूस. मराठी येत नव्हती, हिंदी कामापुरती. मेकॅनिक सलीमभाई मात्र धुळ्याचेच.

मी हवामान द्यायचो ते शिकवलं होतं तसं – इंग्रजीत, आकड्यांत, एका दमात. एकदा चहा घेताना मॅथ्यूसाहेब म्हणाले, "पाटील, मैं कपास के एकदम ऊपर उडता हूं. हाथ, पैर, आंख, सब बिझी. तुम्हारा नंबर कान में आता है, दिमाग में नहीं आता. मैं रॉजर बोल देता हूं, बस."

"साहब, नियम वैसा ही है ना," मी म्हटलं.

"मालूम है. लेकिन कभी ऐसा बोलो, जैसे घर में भाई को बोलते हो."

मी हसून सोडून दिलं.

सप्टेंबर संपत आला होता. संध्याकाळी ते पारोळ्याकडची शेतं उरकून परत निघाले, आणि इकडे दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. बघता बघता झोळ आडवा झाला. धुळीने धावपट्टीचं दुसरं टोक दिसेना. मी माइक उचलून वाऱ्याचे आकडे दिले. पलीकडून नेहमीसारखंच ‘ऐकलं’ सांगणारं "रॉजर" आलं... आणि पाठोपाठ "कमिंग इन". म्हणजे ते इकडेच येत होते. आकडे नुसते कानावरून गेले होते.

मी पुन्हा बटण दाबलं, तर सेटचा दिवा गेलेला. सलीमभाई धावत आले. बॅटरीच्या वायरी काढून टोकं घासायला लागले. "बॅटरीच गेली वाटतं रे," ते म्हणाले.

मी माइक खाली ठेवायला हवा होता. पण हात सुटेना. दारातून ते काळं आभाळ दिसत होतं आणि तोंडातून आपोआप घरातली अहिराणी यायला लागली – "आठे येऊ नको भाऊ, आठे बठ्ठं कायं शे. उजवा हातले वय. खाले सडक दिसस ना, ती धर. जयगावले जाय." इथे सगळं काळं आहे, उजवीकडे वळ, खालची सडक धरून जळगावला जा – हेच पुन्हा पुन्हा. सलीमभाई म्हणाले, "पाटील, सेट बंद है." मला कळत होतं. मध्येच, कशासाठी ते ठाऊक नाही, मी थांबलो आणि म्हटलं, "मी आठेच शे."

मग वादळ आलं. पत्रे उडाले, टेलिफोनही गेला. ती रात्र मी कशी काढली, ते माझं मला माहीत.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पूर्वेकडून विमानाचा आवाज आला तेव्हा मी अनवाणीच धावपट्टीवर गेलो. मॅथ्यूसाहेब उतरले. ते रात्री जळगावच्या धावपट्टीवर थांबले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"थँक यू, पाटील. कल तुमने भाई जैसा बोला."

"साहब... सेट बंद था. आपके रॉजर के बाद कुछ गया ही नहीं."

ते हळूहळू, आपल्या मल्याळी ढंगात म्हणाले, "उजवा हातले वय." उजव्या हाताने वळल्याची खूण केली. "समझा नहीं. लेकिन आवाज से समझा, इधर नहीं आने का. मैं मुड गया, तो नीचे रोड मिला." मग त्यांनी विचारलं, "फिर मैंने पूछा, पाटील, आर यू देअर? तो तुम बोला – आठेच शे. इसका मतलब क्या है?"

उत्तर सलीमभाईंनी दिलं, "बोल रहा था, मैं यहीं हूं."

मॅथ्यूसाहेबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी विमान काढलं नाही. पुढे मी आकडे दिल्यावर एक वाक्य साध्या हिंदीत जोडायला लागलो – मत आइए, हवा खराब है. किंवा, आइए, सब ठीक है.

माझा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, घाबरलेल्या माणसाला मनातलंच ऐकू येतं. येत असेल. पण केरळच्या माणसाच्या मनाला अहिराणी कुणी शिकवली, हे त्याला सांगता येत नाही. मलाही नाही.