निर्दोष पंप आणि प्रेमळ नवरा

मोटार शिकवणाऱ्या बाईंना सगळे क्लचबाई म्हणत. शेजारच्या सीटवर बसून त्या 'क्लच' एवढंच ओरडत, पण असं की पलीकडच्या गल्लीतला सायकलवालाही दचकून पाय उचलायचा. अशा बाईंना गेले काही आठवडे गाडीच्या डॅशबोर्डवरचा एक इवलासा पिवळा दिवा वाकुल्या दाखवत होता. शुक्रवारी गाडीची तपासणी. दिवा पेटलेला दिसला की शिकवण्याचा परवाना रद्द, आणि बाई घरी.

गॅरेज धाकट्या भावाचंच. थंड इंजिन सुरू झालं की एक छोटा पंप मिनिटभर धुराच्या नळीत ताजी हवा फुंकतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल पुरतं जळतं. पुढे तो गप्प. तिथेच हवा कमी पडतेय, असं भावाचं यंत्र सांगत होतं. गाडी रात्रभर उभी होती ना, असं त्याने दरवेळी विचारलं आणि बाईंनी दरवेळी छातीठोकपणे हो म्हटलं. सकाळी तो घरी येऊन किल्ली फिरवायचा, तर पंपाचा आवाजच नाही. पंप मेला, असं ठरवून त्याने नवा बसवला. तोही मुका. मग म्हणाला, आणखी एक मागवतो.

बाईंचं डोकं फिरलं. "पंप मेला हे पुन्हा सांगू नकोस. घरातली म्हातारी माणसंसुद्धा इतक्या पटापट जात नाहीत."

"ताई, मग इंजिन गरम असणार. गरम इंजिनात पंप सुरूच होत नाही."

"माझ्या दारातली गाडी. माझ्या परवानगीशिवाय तिला कोण हात लावणार?"

यावर बाईंच्या यजमानांनी पेपर जरा वर धरला. बाईंचं लक्ष गेलंच. पेपरच्या मागून हळूहळू जे बाहेर आलं ते असं: निवृत्त झाल्यापासून ते रोज पहाटे उठून गाडी सुरू करून ठेवत. थंडीत हिला गार सीटवर बसायला नको, म्हणून. चांगली तापली की बंद करून, पाय न वाजवता परत पांघरुणात.

भावाने कपाळावर हात मारला. "दाजी, तुमच्या प्रेमापायी मी धडधाकट पंप भंगारात टाकला."

बाईंना संताप आवरेना, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळेना. त्या रात्री किल्ली त्यांच्या उशाखाली गेली.

सकाळी भावाने थंड गाडी सुरू केली. पंप झकास घुमू लागला. त्याने पंपाची नळी काढून बाईंचा तळवा नळीच्या तोंडाशी धरला. वारा जोरात लागला. म्हणजे पंप ठणठणीत. ती हवा पुढे सोडणारी झडप मात्र काजळीने अशी चिकटली होती की दातखीळ बसल्यासारखी उघडतच नव्हती. झडप बदलली, यंत्राने दिवा विझवला, आणि पुढच्या सकाळीही तो उगवला नाही.

शुक्रवारी गाडी पास झाली. बाई घरी आल्या त्या तणतणतच. एवढा घोळ घातला आणि तोंडातून अक्षर नाही, म्हणजे काय?  यजमान शेवटी हळूच म्हणाले, "मग आता मी पहाटे करू काय?"

बाई थबकल्या. "काचा पुसा," त्या म्हणाल्या, "बाहेरून."

हल्ली गाडीच्या काचा आरशासारख्या असतात. किल्ली अजून उशाखालीच आहे.