तेवीस शंका आणि एक अर्ज

गेल्या डिसेंबरच्या सात तारखेला, रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझ्या मोठ्या बहिणीने पाच हजार रुपये एका पाद्रींच्या टेबलावर ठेवले. पाचशेच्या दहा नोटा. खोलीत आम्ही चौघे होतो: ताई, मी, माझी बायको आणि पाद्री.

"दीदी, बाप्तिस्म्याचे पैसे नसतात," पाद्री म्हणाले. ते ताईशी बंगालीत बोलत आणि माझ्याशी हिंदीत.

"बाप्तिस्म्याचे नाहीतच," ताई म्हणाली. "तुमच्या घंटेचा दोर कुजलाय. वाजवणारा म्हातारा एक दिवस दोरासकट खाली येईल."

पाद्री हसले. पण देणगीची पावती फक्त सभासदाच्या नावाने फाटे आणि ताई अजून सभासद नव्हती. "नाव नोंदलं की पावती फाडू," असे म्हणून त्यांनी नोटा एका पाकिटात घातल्या, पाकिटावर ताईचे नाव लिहिले आणि ते खणात ठेवले. त्या चर्चने स्वतःच्या हाताने ताईचे नाव लिहिलेला पहिला आणि शेवटचा कागद म्हणजे ते पाकीट. तेव्हा अर्थातच तसे वाटले नव्हते.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न केले नाही. साताऱ्याकडच्या एका शाळेत पस्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आली. मी विमा कंपनीत आहे, सरकारी. बदली होऊन कोलकात्याला आलो त्याला आता अकरा वर्षे झाली. आधी खिदिरपूरच्या गोदीत भिजलेल्या, फुटलेल्या मालाचे दावे तपासत असे, आता ऑफिसात बसून दुसऱ्यांनी तपासलेले दावे तपासतो. घर बालीगंजला, पाचव्या मजल्यावर.

चर्च घरापासून सहा मिनिटांवर. ताई तिथे आधी गेली ती पंख्याखाली बसायला. सकाळच्या फेरीनंतर पाय दुखत, आणि बाजारात बसायला जागा नाही. मग रविवारीही जाऊ लागली. प्रवचन बंगालीत असे, म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी बंगाली शिकली. मी विचारले, तर म्हणाली, "शांत वाटतं." एवढेच. मी रोज आंघोळीनंतर देवासमोर पाच मिनिटे उभा राहतो. मला कोणी विचारले तर मलाही याहून जास्त सांगता येणार नाही, म्हणून मी पुढे काही विचारले नाही.

बायकोने मात्र विचारले. तिचा उपाय सरळ होता. "वन्सं, आपल्या देव्हाऱ्यात जागा आहे. त्यांनाही बसवा. मला काय, एक फूल जास्त."

"त्याला कुठे बसवायचा प्रश्न नाही गं," ताई म्हणाली. "मला बसायचंय."

पण ताई इतिहासाची शिक्षिका होती. मराठीतली शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चार चरित्रे, आणून ती त्यांत पेन्सिलीने खुणा करू लागली, आणि एका दोनशे पानी वहीत इंग्रजीत शंका लिहू लागली. संध्याकाळी चहाच्या वेळी ती मला एकेक वाचून दाखवी. येशूची वंशावळ दोन ठिकाणी दिली आहे, पण एकीत योसेफाचा बाप याकोब आणि दुसरीत एली. जन्म एका ठिकाणी जुना राजा जिवंत असताना, दुसऱ्या ठिकाणी रोमनांनी खानेसुमारी केली तेव्हा, आणि दोन्हींत दहाएक वर्षांचे अंतर पडते. त्याला मारले ते यहुद्यांच्या सणाच्या दिवशी की आदल्या दिवशी? कबरीवर पहाटे किती बायका गेल्या? कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, कुठे आणखीही.

मला हे आवडे. माझे आयुष्य असल्याच कामात गेलेले. "म्हणजे दावा टिकत नाही," मी एकदा म्हणालो.

"तुझ्याकडे चार साक्षीदार आले आणि चौघांनी शब्दन् शब्द तेच सांगितलं, तर तू काय करतोस?"

"चौकशी लावतो. पढवलेले असणार."

"मग?" ताई म्हणाली आणि चहा प्यायली. कप खाली ठेवून म्हणाली, "तो होऊन गेला, यात मला शंका नाही. ज्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं त्यांनीसुद्धा लिहून ठेवलंय, की रोमन सुभेदाराने त्याला मारवलं. बाकीचं त्याच्यावर जीव असलेल्या माणसांनी लिहिलंय. जीव लावून लिहिलेलं तारखांना पक्कं नसतं. मी त्याबद्दल त्याच्यावर रागावू कशाला?"

मग तिची मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काही महिन्यांची गोष्ट केली. तिने मला आत बोलावून तीच गोष्ट केली, आणि म्हणाली, तिला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.

"तुझा विश्वास तुझ्याजवळ आहे की," मी म्हणालो. "त्याला शिक्का कशाला?"

"पस्तीस वर्षं मी हजेरी घेतली. पटावर नाव नसलेली मुलगी शेवटच्या बाकावर येऊन बसायची, शिकायचीही. पण शाळेच्या लेखी ती नव्हतीच. मला नाव हवंय. जाण्याआधी."

म्हणून सात डिसेंबर. पाद्री म्हणाले, एक साधा अर्ज द्या, कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते, नुसती औपचारिकता आहे. अर्ज मी करतो, असे मीच म्हणालो.

इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. विम्याचा प्रस्ताव भरताना माणसाने स्वतःबद्दल माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट सांगायची असते. मधुमेह लपवला आणि नंतर कळले, तर दावा नाकारतात. मी स्वतः असे दावे नाकारले आहेत. समोर विधवा बसलेली असतानाही. नियम वाईट नाही, पण तो माझ्या हाडात गेला आहे.

अर्ज एका पानाचा झाला. सोबत वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा, डॉक्टरांचे पत्र. मग मी ताईची वही मागितली.

"वही कशाला?"

"जोडतो. उद्या कोणी म्हणायला नको, की बाईंना शंका होत्या आणि त्यांनी त्या लपवल्या."

ताईने वही मांडीवर घेतली. "जोडायलाच हवी?"

"कागद पूर्ण असलेला बरा."

ती माणसांच्या बाबतीत माझे कधी ऐकत नसे, कागदाच्या बाबतीत नेहमी ऐके. मी एक्केचाळीस पानांच्या झेरॉक्स काढल्या, शंकांना क्रमांक घातले, तेवीस भरल्या. पाद्री त्या आठवड्यात बाहेरगावी होते, म्हणून मी सगळे कमिटीच्या सेक्रेटरींकडे दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. घरी येताना मला बरे वाटत होते. नीट काम झाल्यावर वाटते तसे.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी कमिटी बसली आणि पुढच्या आठवड्यात पत्र आले. भाषा सभ्य होती. माझ्याच तेवीस क्रमांकांचा एक तक्ता जोडला होता आणि प्रत्येक क्रमांकासमोर दोन चौकटी होत्या: चर्चची शिकवण मान्य, अमान्य. अर्जदाराने खुणा करून सही करावी, फेब्रुवारीच्या बैठकीत विचार होईल.

त्याच संध्याकाळी पाद्री घरी आले. ताईशी बोलले, संदेशची मिठाई खाल्ली, आणि मी लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा थांबले.

"दादा, ती वही तुम्ही माझ्या हातात दिली असती, तर मी ती माझ्या कपाटात ठेवली असती," ते म्हणाले. "माझ्या कपाटात माझीही एक आहे."

"आता काढून घेता येईल?"

"कमिटीतल्या सात जणांनी वाचली. आता मला न वाचल्यासारखं करता येत नाही. त्यांनी मला लिहून दिलंय, निर्णय होईपर्यंत थांबा. वाईट माणसं नाहीत. त्यांच्यासमोर प्रश्न ठेवला, तर ते उत्तर मागणारच." लिफ्ट आली. दार धरून ते म्हणाले, "एक मात्र आहे. अगदी शेवटची वेळ आली, तर मला कोणाला विचारावं लागत नाही. मला फोन करा. कितीही वाजता."

ताईने तक्ता दोन दिवसांत भरला. तेवीसपैकी चार ठिकाणी 'मान्य'ची खूण होती. उरलेल्या एकोणीस ठिकाणी तिने दोन्ही चौकटी मोकळ्या सोडून बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते, "माहीत नाही."

"ताई, मान्यवर खुणा कर. तपासायला कोण येतंय?"

तिने चष्म्यावरून पाहिले. "हे तू सांगतोयस?"

"हो, मी सांगतोय."

"तुझ्या ऑफिसात कळलं तर पेन्शन थांबेल तुझी."

बायको हसली. मला हसू आले नाही. "मनात नसलेलं एकोणीस वेळा लिहायचं, एवढंच आहे," मी म्हणालो. "आणि तुझं नाव लागेल."

"खोटं लिहून नाव लागलं, तर ते नाव माझं कसं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि ज्याच्यासाठी लिहायचं, त्याला तर माहीतच आहे, मला काय माहीत नाही ते."

मी तिचा तक्ता आहे तसा नेऊन दिला. त्यावर खुणा मीच करून टाकाव्यात असे रस्त्यात दोनदा मनात आले. माझ्या खिशात निळे पेन होते आणि ताईनेही निळ्याच पेनने लिहिले होते. मी केल्या नाहीत. हा प्रामाणिकपणा होता की सवय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एकोणतीस जानेवारीला, गुरुवारी दुपारी, डायलिसिस चालू असतानाच तिचा रक्तदाब उतरू लागला. नर्सने मला बाहेर काढले. मी पाद्रींना फोन लावला, त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. "निघालो," म्हणाले. त्या दिवशी कसला तरी मोर्चा होता आणि वाटेतल्या पुलाच्या अलीकडे सगळे अडले होते. ते टॅक्सी सोडून चालत आले. चाळीस मिनिटे लागली. ताई पंचविसाव्या मिनिटाला गेली होती.

पाद्री दारात उभे राहिले. त्यांच्या हातात पाण्याची लहानशी बाटली होती, औषधाची असते तेवढी. ती कुठे ठेवावी हे त्यांना समजेना. मग त्यांनी ती शबनम पिशवीत घातली आणि ताईच्या पायांना हात लावला.

"आता?" मी विचारले.

"गेलेल्यांना देत नाहीत, दादा," ते म्हणाले. त्यांना रडू येत होते.

नागपूरहून धाकटा भाऊ रात्रीच्या विमानाने आला. त्याला सगळे ठाऊक होते. फोनवर ताईनेच सांगितले होते. "तिची इच्छा मला माहितीये, दादा," तो म्हणाला. "पण दफनभूमीत जागा देणार आहेत का ते? कागद आहे का तुझ्याकडे?"

कागद नव्हता. एका अर्जाची पोच होती. आयुष्यभर लोकांना जे विचारले ते मला विचारले गेले.

स्मशानात फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी हिंदू लिहिले. आधारकार्ड, शाळेचा दाखला, सगळीकडे तेच होते, त्यामुळे कारकुनाने वर मान करूनही पाहिले नाही. ज्या नोंदीबद्दल मला खात्री नव्हती अशी आयुष्यातली ती माझी पहिली नोंद असेल, आणि ती बिनतक्रार मंजूर झाली. पाद्री मागे उभे होते, साध्या शर्टात. भट्टीचे दार बंद होताना त्यांचे ओठ हलत होते. भावाने पाहिले आणि मान फिरवली. तेवढा त्याचा मोठेपणा.

भावाला दहावे, तेरावे आपल्या पद्धतीने व्हायला हवे होते. ताईला ते नको होते, हे मी एकदा सांगितले. तो म्हणाला, "मग काहीच नको करायला? कुत्र्यामांजरासारखं?" तिचे एकीकडचे झाले नव्हते, दुसरीकडचे तिला नको होते, आणि काहीच न करणे आम्हा दोघांनाही सोसणारे नव्हते. मराठी पद्धतीने करणारे गुरुजी खिदिरपूरला राहतात. मी त्यांना फोन केला.

तेराव्याच्या सकाळी आठ वाजता पाद्री आले. पलीकडे गुरुजी दर्भ मांडत होते. पाद्री उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि त्यांनी मला एक पत्र आणि पाकीट दिले. पत्रात दोन ओळी होत्या. अर्जदाराच्या निधनामुळे अर्ज निकाली काढला आहे. ठेवलेली रक्कम परत करत आहोत.

"दोराला लावू म्हटलं मी," ते म्हणाले. "खजिनदार म्हणाले, पावती कोणत्या नावाने फाडू?"

"जेवून जा," बायको आतून म्हणाली. "वन्संसाठीच आहे."

"नंतर येईन," पाद्री म्हणाले आणि जिन्याने उतरून गेले. लिफ्ट चालू होती.

विधी दोन तास चालला. गुरुजींनी सांगितले तसे मी पाणी सोडले, सांगितले तिथे तीळ टाकले. ताईचे नाव आणि गोत्र गुरुजींनी खणखणीत उच्चारले, तीनदा. तिचे नाव कोणीतरी नीट घेतले, असे मला त्या क्षणी वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

शेवटी गुरुजी उठले. सामानाचे पैसे आधी दिले होते, दक्षिणा राहिली होती. दोन दिवसांपूर्वीच काढून ठेवायचे पैसे मी काढले नव्हते. असे माझ्याकडून होत नाही. भाऊ माझ्याकडे पाहत होता, त्याचे हात पिठाने भरलेले होते. माझ्या सदऱ्याच्या खिशात ते पाकीट होते. मी पाठ फिरवून नोटा बाहेर काढल्या. त्याच दहा होत्या. ताईचे नाव असलेले पाकीट घडी करून परत खिशात ठेवले. बायकोने देव्हाऱ्यातल्या वाटीतून वरचा एक रुपया आणून दिला.

पाच हजार एक रुपये गुरुजींना दिले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि विचारले, खाली टॅक्सी मिळेल का.