चारी कोपरे

दौंडच्या पोस्टाबाहेर लिंबाखालच्या बाकावर ते बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, अंगात जुना खाकी कोट. नाव मी कधी विचारलं नाही. इंग्रजी तार हातात पडली की माणसं रडतच त्यांच्याकडं यायची. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, तारेला तसली खूण नसते. म्हणून ते आधी तार मनात वाचायचे आणि बातमी बरी असली तर चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवून दाखवायचे. मजकूर त्यानंतर.

तारेत बहुतेकदा ‘सेफ’ असायचं. फौजेतल्या पोराच्या आईला ते सांगायचे, “पोरगं खुशाल हाय.” पहिल्यांदा परमुलखात गेलेल्याच्या बापाला, “नीट पोचला.”

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. माझ्या फळ्यावर सेफ म्हणजे सुरक्षित, बास.

बहीण शिरूरच्या दवाखान्यात अडली होती. दोन दिवसांनी तार आली, ‘बोथ सेफ’. दोघे सुरक्षित, मी पुटपुटलो. पण काही केल्या ते आत उतरेना. तसाच बाकापाशी गेलो. त्यांनी कागद घेतला.

“कोण हाय, गुरुजी?”

“बहीण. बाळंतपणाला गेलीय.”

अंगठा चारी कोपऱ्यांवरून फिरला.

“मोकळी झाली. बाळबी सुखरूप हाय.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. ओशाळून म्हणालो, “इंग्रजी मलाही येतं खरं.”

“येतंय की. पर तार एकट्यानं वाचू न्हाई.”

त्यानंतर वर्गात ‘सेफ’ आला की मी खडू खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, “कोण?”